मारकुटा शब्द

मंगळवार, ४ मार्च

हा शब्द नेमका माझ्याच टेबलावर यावा!

आज कोशाच्या कार्यालयात पी अक्षराची कार्डं वाटली. वनस्पतीवाल्यांना झाडांची नावं मिळाली, ते खूश. कायद्याचे शब्द कायद्यावाल्यांकडे गेले. मला नेहमीप्रमाणे उरलंसुरलं. आणि त्यात हे— प्लेगोस. विशेषण. दुर्मिळ. फटके मारण्याची आवड असलेला, विशेषतः शिक्षकाबद्दल. वर 'प्लेजियरिझम' म्हणजे वाङ्मयचौर्य, खाली 'प्लेग', मध्ये हा बसलेला. शेजार तरी काय मिळालाय!

मी म्हटलं, "बाई, हा गाळूया. कोण वापरतं?" संपादकबाईंनी भिंग खाली ठेवलं. "कोण वापरतं म्हणून कोश करत नाहीत. कोणी वापरलं तर सापडावा म्हणून करतात. आणि तुझे वडील मास्तर ना? तुला जमेल."

जमेल म्हणे.

अठरा वर्षं इंग्रजी शब्दांना मराठी अर्थ चिकटवतेय. एक शब्द, एक कार्ड. अर्थ, व्युत्पत्ती, प्रतिशब्द, शेवटी उदाहरणवाक्य. आणि वाक्याच्या बाबतीत बाईंचा जगावेगळा हट्ट— दुसऱ्या कोशातून उचलायचं नाही, मनाने रचायचं नाही, कार्ड लिहिणाऱ्याने स्वतः पाहिलेलं हवं. 'लीक'ला मी आमच्या मोरीच्या नळाचं वाक्य दिलं तेव्हा त्या कधी नव्हे ते हसल्या होत्या. आता या शब्दाला काय देऊ?

घरी आले तर बाबा दारातच. मला विचारलं, "कोणत्या वर्गात आहेस तू?" चौपन्न वर्षांच्या मुलीला! मी म्हटलं, बाबा, मी सुटले शाळेतून. ते म्हणाले, "छान, छान. अभ्यास कर."

बुधवार, ५ मार्च

व्युत्पत्ती मिळाली. लॅटिनमधलं 'प्लागा' म्हणजे फटका, घाव. त्याला भरलेपणा दाखवणारा प्रत्यय लागला. फटक्यांनी भरलेला. 'प्लेग' त्याच मुळातून आलेला, म्हणजे शेजारी नव्हे, सख्खी भावंडंच. इंग्रजीत दाखले अगदी थोडे, तेही शिकल्यासवरल्या लोकांनी गंमत म्हणून वापरलेले. खरा वापर एकच— दोन हजार वर्षांपूर्वीचा. एका कवीने म्हातारपणी आपल्या लहानपणच्या मास्तरांची आठवण काढली आणि नावाला हे विशेषण जोडलं. बस्स. मास्तरांनी जन्मभर जे शिकवलं त्यातलं काही उरलं नाही. पोराने ठेवलेलं विशेषण मात्र उरलं.

दुपारी चरित्र शोधून काढलं त्या मास्तरांचं. जेवायचंसुद्धा विसरले. आईबाप एकाच दिवशी मारले गेलेले. मग सैन्यात. पन्नाशीला राजधानीत येऊन शाळा काढली. म्हातारपणी वर कौलांखालच्या खोलीत राहायचे. मुलांचे आईबाप मास्तरांना किती छळतात यावर एक पुस्तकही लिहिलं! (हे वाचून एकटीच हसले. बाबांनीही लिहिलं असतं.) शंभरीच्या जवळपास जगले. शेवटची कित्येक वर्षं स्मरणशक्ती गेलेली होती. गावाने त्यांचा पुतळा उभारला.

आणि खाली एक ओळ— मुलगाही मास्तर झाला. तो मारायचा का, ते कोणी लिहून ठेवलेलं नाही.

स्मरणशक्ती गेलेली. ती ओळ दोनदा वाचली. कार्डावर तिचं काही काम नाही.

शुक्रवार, ७ मार्च

कार्ड परत! लाल पेन्सिल!

मी लिहिलं होतं— 'कडक शिस्तीचा, शिस्तप्रिय.' बाईंनी दोन्ही खोडले. समासात लिहिलं, "शिस्त कुठून आणलीस? मूळ शब्दात शिस्त नाही. मार आहे."

मी वाद घातला. म्हटलं, शिक्षकाबद्दल आहे ना, मग शिस्त ओघाने आलीच. त्या म्हणाल्या, "ओघाने आलेलं कंसात टाक. मुळात काय आहे ते आधी लिही. तू एवढी जुनी माणूस, तुला मी सांगायचं?" सगळ्यांसमोर. वनस्पतीवाले पानांच्या चित्रात डोकं खुपसून बसले.

येताना बसस्टॉपवर बाबांचा एक जुना विद्यार्थी भेटला. आता दातांचा डॉक्टर आहे, पोट सुटलंय. "सरांचा मार खाल्ला म्हणून आज इथे आहे," छाती फुगवून सांगत होता. हे वाक्य मी आजवर किमान दोनशे जणांकडून ऐकलं असेल. जे इथे नाहीत ते कुठे गेले, हे एकाच्याही मनात येत नाही. मी हसून मान हलवली. मी कायम मानच हलवते.

रविवार, ९ मार्च

बाबांना दिवसभर सांभाळणाऱ्या मावशी रविवारी येत नाहीत. बाबांचं सगळं मीच. आंघोळ, गोळ्या, चहात बुडवून बिस्किट. प्रत्येक गोष्टीला "आभारी आहे" म्हणतात. हा माणूस! ज्याच्या चपलांचा आवाज जिन्यात आला की आम्ही खेळ टाकून पाटीपुढे बसायचो, तो आता मोजे घातले की आभारी आहे म्हणतो. कधी कधी वाटतं, दुसऱ्याच कोणाचे वडील सांभाळतेय.

डॉक्टर काल येऊन गेले. हृदय थकलंय. महिने म्हणाले, वर्षं नाही. "ज्यांना भेटायचं असेल त्यांना बोलावून घ्या."

ज्यांना म्हणजे एकालाच. दादाला.

एकोणचाळीस वर्षं झाली त्याने घर सोडून. सतराचा होता. एका लिफ्टच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला, आता लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतो. याच शहरात, दुसऱ्या टोकाला. आईच्या वेळी आला, लांब उभा राहिला, निघून गेला. वर्षातून एकदोन फोन, तेही मी केलेले. कागदावर सही हवी, एवढाच विषय. या घराची पायरी तो चढलेला नाही. बाबा जायच्या आत त्याने एकदा यावं. माझं दुसरं काही मागणं नाही. त्यांना तो ओळखू येईल की नाही कोण जाणे, तरी यावं.

उद्या फोन करते. आज नको. आज रविवार, त्याच्याकडे सगळी घरी असतील.

सोमवार, १० मार्च

केला फोन. हे सगळं संभाषण—

"दादा, मी बोलतेय."

"हं."

"बाबांचं काही खरं नाही आता."

"माहीत आहे."

"येशील का एकदा?"

 मागे कुठेतरी घण वाजत होता. मग, "बघतो."

माहीत आहे म्हणे! काय माहीत आहे? बाबा शहाऐंशीचे, अंदाजाने बोलला असेल. तोडून टाकायची त्याची जुनी पद्धतच आहे.  या वयात भावाला फोन करायला भीती वाटते, हे कोणाला सांगितलं तर हसतील.

बुधवार, १२ मार्च

आज नवीनच सापडलं. हा लॅटिन शब्द दोन्हीकडून वापरलेला आहे. कवीने मास्तरांसाठी वापरला— फटके देणारा. नंतरच्या एका लेखकाने फटके खाऊन अंगभर वळ उठलेल्यासाठी वापरला. देणारा तोही फटक्यांनी भरलेला, खाणारा तोही. बाईंना दाखवलं. त्या खूश! "हे घे कार्डावर, दोन ओळीत." आज पहिल्यांदा या शब्दाने मला शाबासकी मिळवून दिली.

शाबासकीसाठी मी काय काय केलं आहे आयुष्यात.

बाबांच्या वर्गात एक रीत होती. प्रश्न विचारायचा, ज्याचं चुकलं त्याने उभं राहायचं, पुढच्याला विचारायचं. ज्याचं बरोबर येईल त्याच्या हातात छडी. त्याने उभ्या असलेल्यांना मारायचं. बाबा स्वतः फार कमी मारायचे— हे त्या दातांच्या डॉक्टरालाही आठवत नसेल. त्याने मार खाल्ला तो शेजारच्या बाकावरच्या मुलाचा. हळू मारलं तर मारणाऱ्यालाच बसायची. "मन लावून," म्हणायचे बाबा. अभ्यास मन लावून, छडीही मन लावून.

तीच रीत घरी. घरी आम्ही दोघंच. मला सगळं यायचं, दादाला अक्षरं फिरलेली दिसायची. आता त्याला नाव आहे, डॉक्टर आहेत, वेगळ्या शाळा आहेत. तेव्हा 'ढ' एवढं एकच नाव होतं. म्हणजे छडी कोणाच्या हातात, हे ठरलेलंच.

लोक विचारतात, तुम्हालाही मारायचे का सर? मी सांगते, नाही हो, मला कधी बोटसुद्धा लावलं नाही. खरंच सांगते.

शनिवार, १५ मार्च

बाबांनी आज मला आईच्या नावाने हाक मारली आणि माफी मागितली. कशाची ते सांगता येईना.

सोमवार, १७ मार्च

उदाहरणवाक्यावर गाडी अडली आहे ती अडलीच.

पहिलं लिहिलं— 'जुन्या काळी अनेक शिक्षक प्लेगोस वृत्तीचे असत.' बाई म्हणाल्या, "हे वर्तमानपत्र आहे." दुसरं— 'प्लेगोस शिक्षकामुळे विद्यार्थ्यांचे नुकसान होते.' "हे भाषण आहे. तू पाहिलंस काय ते लिही ना गं. घरात मास्तर असून तुला एक वाक्य सुचू नये?" मी म्हटलं, बघते. दादासारखंच.

प्रतिशब्दाचाही घोळ. 'ताडनप्रिय' लिहून बघितलं. वनस्पतीवाले चहाचा कप घेऊन मागे उभे होते. वाचून म्हणाले, "अहो, हे झाडाचं नाव वाटतं. मारकुटा म्हणा की सरळ! आमच्याकडे एक मारकुटी म्हैस होती, आजोबा सोडून सगळ्यांना ढुशी. काखेत कळसा आणि गावाला वळसा!" बाई आपल्या जागेवरून ओरडल्या, "मारकुटा! लिही तेच!" तीन आठवड्यांत संपणारं अक्षर, आणि या एका शब्दाने दोन आठवडे खाल्ले, असंही म्हणाल्या.

त्यांना वाटतं मला सुचला नाही. मला पहिल्याच दिवशी, पहिल्याच मिनिटाला सुचला होता. आमच्या घरातला शब्द तो. दादा नववीत असताना पाठीमागे बाबांना म्हणाला होता, मारकुटा बैल. मी जाऊन सांगितलं. त्या दिवशी मला चित्रांचं पुस्तक मिळालं.

पुस्तकात पक्षी होते. आजही सगळे पाठ आहेत.

बुधवार, १९ मार्च

दादाचा फोन नाही. मी परत करणार नाही. किती वाकायचं माणसाने!

जेवताना बाबा एकदम म्हणाले, "त्याला वाढलंस का?" मी म्हटलं, कोणाला? तर ताटाकडे बघत राहिले. मला जेवण गेलं नाही.

तो गेला तो दिवस आज सारखा डोळ्यांसमोर येतोय. लिहून टाकलं तर कदाचित जाईल. बुधवारच होता. आई मामाकडे गेलेली, दुसऱ्या दिवशी यायची होती. संध्याकाळी शुद्धलेखन. वीस शब्द, सगळे जोडाक्षरांचे. दादाचे चौदा चुकले. चौदा छड्या. सहाव्या-सातव्या छडीला तळहात फुटला, रक्त आलं, पण मोजणी पुरी झाली. अर्धवट सोडायचं नाही असा घरचा नियम. तो रडला नाही. सकाळी अंथरुणात नव्हता. चपलाही नव्हत्या.

आई आली. दारातच तिला कळलं. बाबा तिला एवढंच म्हणाले— "माझ्या हातून झालं." आई वर्षभर त्यांच्याशी बोलली नाही. जेवण वाढायची, शब्द नाही. नातेवाइकांत, शाळेत, गल्लीत एकच, पोराला मारून हाकललं मास्तरांनी. बाबांनी कधी स्वतःची बाजू मांडली नाही. घरातली छडी गेली ती परत दिसली नाही. वर्गातली रीतही बंद केली म्हणतात. पुढे निवृत्त होईपर्यंत त्यांनी हात उचलला नाही, पण नाव पडायचं ते पडलंच होतं.

हे सगळं लिहूनही गेलं नाही.

शुक्रवार, २१ मार्च

जेवायलाही न बसता लिहितेय.

सकाळी निघताना मावशींना म्हटलं— गेली सव्वा वर्षं बाबांकडे दिवसभर त्याच असतात— म्हटलं, मावशी, माझा भाऊ कधीतरी येईल बहुतेक. आलाच तर नीट बसवा, मला लगेच फोन करा. मावशी भाजी निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "दादा ना? ते येतात की."

"कधी?"

"दर गुरुवारी. त्यांची सुट्टी असते ना गुरुवारी. मी लागल्यापासून एक गुरुवार चुकवला नाही. कालही येऊन गेले."

 खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मावशींच्या हातातली शेंग तशीच राहिली. "ताई, तुम्हाला माहीत नव्हतं? मला वाटलं, घरचंच माणूस, तुमचं बोलणं होत असेल."

सव्वा वर्ष! पासष्ट-सत्तर गुरुवार! काय करतो म्हटलं. म्हणाल्या, दाढी करून देतात आजोबांची, गरम पाण्याचा टॉवेल लावून. नखं काढतात. मग आजोबा पाढे विचारतात. दादा मुद्दाम चुकीचे सांगतात आणि दोघं हसत बसतात. "काल म्हणाले, सात सत्ते बावन्न. आजोबा इतके हसले की ठसका लागला, मी पाणी दिलं."

ओळखतात का बाबा त्याला? "नाव नाही घेत. 'लिफ्टवाले आले' म्हणतात. पण ते आले की खुर्ची सरकवायला लावतात मला."

आणि मी सतराशे साठ वेळा स्वतःला सांगत होते, तो निष्ठुर आहे, तो बापाला माफ करू शकत नाही. कार्यालयात गेले. दिवसभर एकही कार्ड झालं नाही. कोणाला सांगू?

रविवार, २३ मार्च

राग येतोय. भयंकर.

म्हणजे बाबांना माफी आणि मी? आयुष्य कोणी दिलं या घराला? लग्नाचं वय कोणी घालवलं? आईचं आजारपण कोणी काढलं? रात्रंदिवस जागून आजारी माणसं मी सांभाळायची, आणि हा गुरुवारी येऊन टॉवेल लावून हसवून जाणार! माझ्या पाठीमागे! चोरासारखा!

मी लहान होते. पंधरा म्हणजे लहानच. छडी हातात दिली जायची, मारावं लागायचं. न मारून जाणार कुठे? वर्गातल्या चाळीस पोरांनी तेच केलं. त्यांच्यावर कोणाचा राग नाही, ती दाताचे डॉक्टर झाली. माझ्यावरच का?

दुपारी बाबांची दाढी करायला घेतली, टॉवेल गरम करून. त्यांनी मान बाजूला वळवली. "लिफ्टवाले करतात," म्हणाले.

सोमवार, २४ मार्च

राहवलं नाही. मावशींना विचारलंच, माझ्याबद्दल काही बोलतो का तो?

मावशी चाचरल्या. खोटं बोलता येत नाही त्यांना, हाच त्यांचा गुण. "बोलत नाहीत, ताई. फक्त खालून फोन करतात— 'ती गेली का?' मी गेल्या म्हटलं की मग वर येतात. एकदा तुम्हाला बरं नव्हतं, घरी होतात, तर बराच वेळ खाली थांबून परत गेले. छत्री नव्हती त्यांच्याकडे. मी खिडकीतून बघितलं."

तो दिवस मला आठवतो. साधी सर्दी होती. उगाच रजा घेतली होती.

मंगळवार, २५ मार्च

कार्ड गेलं एकदाचं. प्लेगोस: मारकुटा, फटके मारण्याची खोड असलेला. (विशेषतः शिस्तीच्या नावाखाली मारणाऱ्या शिक्षकाबद्दल.) शिस्त कंसात गेली, बाईंच्या म्हणण्याप्रमाणे. व्युत्पत्ती दोन ओळी. खाली वाक्य दिलं— 'आमच्या शाळेत एक मारकुटे मास्तर होते.' बाईंनी भिंगातून पाहिलं, मग माझ्याकडे. "चालेल," म्हणाल्या. "पण हे तू पाहिलेलं नाहीस, ऐकलेलं आहेस." सही केली. उद्यापासून 'प्लॅटफॉर्म' आणि पुढचे.

गुरुवारची रजा टाकली. घरी थांबणार. मावशींना सांगितलं, खालून फोन आला की म्हणायचं, गेल्या. तो वर येईल, दार मी उघडीन. मग तोंडावर दार तरी लावू शकणार नाही ना तो! काय बोलायचं ते आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं. पहिलं वाक्य जमतं. दुसऱ्यापाशी आले की आरसा पुसत बसते.

मावशी म्हणाल्या, "ताई, मी खोटं बोलीन, पण मग ते परत येणार नाहीत. आजोबांना गुरुवार कळत नाही, पण वाट बघतात."

बुधवार, २६ मार्च

बाबांनी रात्रीचं जेवण घेतलं नाही. डॉक्टर म्हणतात, आता हट्ट करू नका.

गुरुवार, २७ मार्च

रजा रद्द केली. साडेनऊला घराबाहेर पडले, मागे वळून पाहिलं नाही. अकरा वाजलेत. तो वर आला असेल.

त्या बुधवारचं मी अर्धंच लिहिलं आहे. बाबा घरात नव्हते. शाळेत पेपर तपासत बसले होते. शुद्धलेखन मी घातलं. शब्द मी निवडले, त्याला येणार नाहीत असे. ते आल्यावर दाखवायचं होतं— बघा, मी घेतलं. दादा माझ्याहून वीतभर उंच होता, छडी कधीही हिसकावून घेऊ शकला असता. चौदाही वेळा त्याने हात पुढे केला. बाबा आठ वाजता आले. आधी त्याचा हात पाहिला, मग माझा.

दुसऱ्या दिवशी आईला ते खोटं बोलले. जन्मात एकदाच.